आधी बॅटरी, मग पॅनेल

महोदय,

मुळशी, भोरकडच्या शेतघरांवर आणि शहरातल्या गच्च्यांवर बॅटरीवर चालणारे छोटे सौर संच आता सर्रास दिसतात. ते बसवायला येतो तो बहुधा घरगुती वायरिंग करणारा. दिव्याची कुठली वायर आधी जोडली याने काही बिघडत नाही. चार्ज कंट्रोलरचे (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणाऱ्या डब्याचे) बिघडते.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडावी, मग पॅनेल, शेवटी लोड (दिवे, पंखे). सोडवताना उलट. संच १२ व्होल्टचा की २४ चा, हे बहुतेक कंट्रोलर बॅटरीवरून ओळखतात. पॅनेल आधी जोडले तर त्याचे पूर्ण व्होल्टेज आत येते आणि ते दाबून धरायला बॅटरी नसते. स्वस्तातला कंट्रोलर तिथेच जातो. भर उन्हात बॅटरीची वायर सोडवली तरी तेच. आधी पॅनेलचा एमसीबी (जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) पाडावा. तो नसेल तर पॅनेलवर जाड गोधडी टाकावी. प्रत्येक जोडणीआधी मल्टिमीटरने प्लस-मायनस तपासावे, वायरच्या रंगावर विसंबू नये.

आणखी एक चूक हिशेबाची. जास्तीत जास्त १०० व्होल्ट झेपणाऱ्या एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणाऱ्या) कंट्रोलरवर ४९.५ व्होल्टची (लेबलावरचा ‘व्हीओसी’ आकडा, म्हणजे काही न जोडलेल्या पॅनेलचे व्होल्टेज) दोन पॅनेल सिरीजमध्ये (एकापुढे एक) लावतात. बेरीज ९९, म्हणजे बसले! पण तो आकडा २५ अंश तापमानाचा असतो. पॅनेल थंड झाले की व्होल्टेज चढते, दर अंशाला साधारण ०.३ टक्के. डिसेंबरात पुण्याची सकाळ १० अंशांवर उतरली की त्याच ९९ चे १०३ होतात. उन्हाळाभर चाललेला कंट्रोलर थंडीत, तोही सकाळी सकाळी, का जळतो याचे उत्तर बरेचदा इथे सापडते. अशी पॅनेल पॅरलल (प्लसला प्लस, मायनसला मायनस) करावीत, नाहीतर १५० व्होल्टचा कंट्रोलर घ्यावा.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात हवा. कंट्रोलरजवळ बसवला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचे संरक्षण राहत नाही, आणि शॉर्ट झाल्यावर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. ४० अँपिअरच्या कंट्रोलरला १६ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि ५० अँपिअरचा डीसी (बॅटरी-पॅनेलच्या एकाच दिशेच्या प्रवाहाचा) फ्यूज ठीक. तपकीर गल्लीत (पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारात) एमसीबी मागतानाही ‘डीसी’ म्हणून मागावा. घरातल्या विजेचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी तुटते. डीसीत ती पेटतीच राहते. काही डीसी एमसीबींवर प्लस-मायनसच्या खुणा असतात. ते उलटे बसवले तर ऐनवेळी प्रवाह तोडत नाहीत, आतून जळतात.

इन्व्हर्टर कंट्रोलरच्या लोड टोकांना कधीही जोडू नये. तो फ्यूज घालून थेट बॅटरीवर. बॅटरी लिथियम असेल तर सेटिंगमधले इक्वलायझेशन (पाण्याच्या बॅटरीसाठीचे मुद्दाम जादा व्होल्टेजचे चार्जिंग) बंद करावे. पाणी घालायची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे तिच्याच बंद कपाटात कंट्रोलर नको. महिन्याभराने सगळे टर्मिनल स्क्रू पुन्हा आवळावेत. मऊ तांबे दबते, स्क्रू सैल होतो आणि प्लास्टिक वितळू लागते.

– सौर संच जोडणारे काही तंत्रज्ञ, पुणे