नाव विचारून घेता, मग छापत का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला आमच्या कुंभारगल्लीतल्या शिल्पकार आणि कार्यकर्त्यावरचा लेख वाचला. माणूस मोठाच आहे, त्यांचं काम आणि त्यांचे मोर्चे मी शाळेत असल्यापासून बघत आलोय, त्यांना अख्खं पान दिलंत त्याबद्दल मनापासून आभार. पण त्यातलं एक वाक्य कालपासून डोक्यातनं जाईना म्हणून लिहायला बसलो. 'माती मागे टाकून ते शिल्पकार झाले.'

माती मागे टाकून? अहो, ब्राँझचा पुतळा असला तरी आधी तो मातीतच होतो. सळ्यांचा सांगाडा उभा करायचा, त्यावर माती चढवायची, नाकडोळे, फेट्याच्या चुण्या सगळं मातीत करायचं, ती वाळून तडकू नये म्हणून ओली फडकी गुंडाळून ठेवायची, मग त्यावरनं प्लास्टरचा साचा, मग मेण आणि मग कुठं ओतकाम. मी स्वतः दोन वर्षं शिल्पकला शिकलोय, पहिल्या दिवशी सरांनी माती मळायला लावली तेव्हा वर्गात ती मला एकट्यालाच नीट जमली, कारण घरी चौथीत असल्यापासनं तेच करत होतो. गोरोबाकाकांनी तरी चिखल तुडवायचं सोडून भजन धरलं होतं का? दोन्ही एकदमच चाललं होतं.

कुंभारकाम करणारे कलावंत देवीप्रसाद, त्यांचं बघा. १९२१ चा जन्म, देहरादूनचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोसांकडं चित्रकला शिकले, १९४४ ला आपल्या वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीमच्या शाळेत कला शिकवायला आले आणि तिथं मातीत रमले. म्हणजे चित्रकाराचा कुंभार झाला. १९६२ ला लंडनला गेले, वॉर रेझिस्टर्स इंटरनॅशनल या युद्धविरोधी संघटनेचे दहा वर्षं सरचिटणीस होते, आणि १९८३ ला भारतात परत आल्यावर पुन्हा दिल्लीत चाकावर बसलेच. २०११ ला गेले. ते चित्रकलेतनं मातीत आले तर त्याला कुणी उतरती म्हणत नाही, आणि म्हणूही नये. मग आमच्या गल्लीतला माणूस शिल्पकार झाला की तो 'वर आला' असं का लिहिता? खाली कोण राहिलं मग, आम्हीच ना?

आता खरं मनातलं सांगतो. २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापुरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. गणपती २ सप्टेंबरला होते, म्हणजे मूर्ती सगळ्या तयार, काहींची तर डोळ्यांची आखणीसुद्धा झालेली. बापट कॅम्पात, म्हणजे आमच्या कुंभारवस्तीत, पाणी शिरलं तेव्हा आमच्या आबांनी आणि शेजारच्या पोरांनी रात्रभर मूर्ती माडीवर चढवल्या. शाडूची मूर्ती भाजलेली नसते, तिला तळाला पाणी लागलं की अर्ध्या तासात ती खाली बसते, परत चिखलच. दोनशेच्या वर मूर्ती डोळ्यांदेखत गेल्या. सकाळी एका पेपरचा फोटोग्राफर आला, आबा छातीएवढ्या पाण्यात डोक्यावर गणपती धरून उभे होते, त्यानं फोटो काढला, नाव विचारलं, आबांनी पूर्ण नाव सांगितलं, त्यानं वहीत लिहून घेतलं, आडनावातली वेलांटी पहिली का दुसरी तेसुद्धा विचारलं. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडं राहायला गेलो होतो तिथं पेपर बघितला. फोटो मोठा, रंगीत, आणि खाली ओळ, 'पुरातून मूर्ती वाचवताना कारागीर'.

आबा काही बोलले नाहीत. ते पान घडी घालून खिशात ठेवलं, अजून ट्रंकेत आहे. त्यानंतर दोन महिने हेच आबा गल्लीतल्या पंचवीस-तीस घरांचे पंचनाम्याचे कागद पिशवीत घालून एका कार्यालयाच्या पायऱ्या चढत होते, म्हाताऱ्या बायकांचे अर्ज स्वतः बसून लिहून देत होते. मोर्चा नाही काढला, माईक नाही धरला. तुमच्या लेखात कार्यकर्ता म्हणतात तो याच्यापेक्षा वेगळा काय करतो हो? २०२१ ला परत पाणी आलं, परत तीच पिशवी.

दरवर्षी बघतो मी, गणपतीच्या आधी फोटो येतोच, 'अखेरचा हात फिरवताना कारागीर'. बेंदराला मातीच्या बैलांचा फोटो, नागपंचमीला नागाचा, संक्रांतीला सुगड्यांचा, सगळीकडं हात दिसतात आणि नाव नसतं. पुतळ्याच्या बातमीत मात्र शिल्पकार, उद्घाटक, आमदार, स्वागताध्यक्ष सगळ्यांची नावं येतात, त्याला जागा पुरते.

आणि आता लिहितोच आहे तर पीओपी म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींबद्दल पण. श्रावण लागला की बातमी ठरलेली आणि त्यात गुन्हेगार कुंभार. शाडू येतो गुजरातेतनं, पोत्याचा भाव आम्ही ठरवत नाही, आपल्याकडच्या पावसात एक मूर्ती वाळायला कितीतरी दिवस जातात आणि वाळताना तडा गेला तर सगळी मेहनत वाया. गिऱ्हाईक म्हणतं तीन फुटी पाहिजे, हलकी पाहिजे आणि गेल्या वर्षीच्याच भावात पाहिजे. आबांनी तरी शाडू सोडला नाही, त्यापायी गेली तीन वर्षं धंदा निम्म्यावर आलाय. एकदा येऊन बघा, चहा घ्या, माती मळताना कमरेचं काय होतं ते विचारा आणि मग लिहा.

हे पत्र छापलं नाही तरी चालेल. ऑगस्ट २०१९ च्या त्या फोटोची झेरॉक्स सोबत जोडली आहे, मागच्या बाजूला आबांचं पूर्ण नाव स्वच्छ अक्षरात लिहिलंय, वेलांटी दुसरी आहे. पुराचे जुने फोटो तुम्ही दर पावसाळ्यात परत छापता, तेव्हा हा फोटो आला तर एवढं नाव खाली घाला. आबा आता ७४ वर्षांचे आहेत आणि पेपर रोज वाचतात.