निपलला पाणी नव्हतं, आणि तुम्ही दोष मिठाला देताय

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डुकरांच्या पाण्याच्या निपल लाईनमुळे झालेलं नुकसान, आणि तुमचं उत्तर मान्य नसल्याबद्दल

नमस्कार,

तुमचा मेल वाचला. "खाद्यात मीठ जास्त झाल्याने जनावरं दगावली, कंपनी जबाबदार नाही" असं तुम्ही लिहिलंय. हे मला अजिबात मान्य नाही, आणि का नाही ते नीट सांगतो, कृपया टेक्निकलमधल्या जाणकार माणसाला वाचायला द्या.

माझं कुडाळ तालुक्यात छोटं वराहपालन आहे, घर त्याच्यावरच चालतं. तुमची निपल लाईन (डुकराने तोंडात धरून दाबलं की पाणी येतं अशा तोट्यांची पाइपलाईन) उन्हाळ्याच्या तोंडावर बसवली, तुमचाच माणूस बसवून गेला. आमच्या बोअरला लाल गाळ येतो हे त्याला टाकी उघडून दाखवलं होतं, तरी तो म्हणाला निपलच्या आत जाळी आहे, काही बघायला लागत नाही. ऐन मे महिन्यात तीच जाळी चोंदली. पुढच्या निपलला पाणी व्यवस्थित आणि शेवटच्या कप्प्यांत नुसता थेंब थेंब. त्यात डुक्कर निपल चावत बसतं, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं पाणी पितंय.

आधी या शेवटच्या कप्प्यांतल्या डुकरांनी खाणं सोडलं, लेंड्या कडक झाल्या. मग आंधळ्यासारखी भिंतीला धडकायला लागली, हाक मारली तरी कान हलेना, कोपऱ्यात डोकं दाबून उभी राहायची. नंतर झटके. नाक थरथरायचं, मान मागे वळायची, मागच्या पायांवर बसल्या बसल्या मागे सरकायचं आणि आडवं पडून पाय झाडत राहायचं, जरा वेळ शांत की परत तेच. मला तर स्वाईन फिव्हरचीच (डुकरांच्या जीवघेण्या साथीच्या तापाची) भीती बसली होती, पण डॉक्टरांनी बघितलं तर ताप नाही. रक्तात सोडियम (मिठातला घटक) १६० च्या वर निघालं, नॉर्मल साधारण १३५ ते १५० असतं. मेलेल्या डुकराचा मेंदू लॅबला पाठवला, त्यात रक्तवाहिन्यांभोवती इओसिनोफिल पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) जमलेल्या सापडल्या, डुकरात ही पाणी कमी पडून होणाऱ्या मिठाच्या विषबाधेचीच खूण. रिपोर्ट सोबत जोडलाय.

आता तुमच्या मिठाबद्दल. खाद्य तयार पोत्यातलं, लेबलवर मीठ अर्धा टक्क्याच्या आत, आणि तेच खाद्य पुढच्या कप्प्यांतली डुकरंही खात होती, त्यांना काहीही झालं नाही. डॉक्टरांनी मला पुस्तकातून दाखवलं की पाणी भरपूर असेल तर १३ टक्के मीठ असलेलं खाद्यसुद्धा डुक्कर सहन करू शकतं, आणि पाणी कमी पडलं तर पाव टक्का मीठही घातक ठरू शकतं. म्हणजे "सॉल्ट पॉयझनिंग" एवढंच रिपोर्टमध्ये वाचून तुम्ही हात झटकू शकत नाही, त्याच रिपोर्टमध्ये पुढे पाणी न मिळाल्याने असं स्पष्ट लिहिलंय.

सगळ्यात जास्त राग मला याचा आहे की फोन केल्यावर तुमचा मेकॅनिक आला, जाळ्या काढून फेकल्या आणि डॉक्टर पोचायच्या आत कुंड्या काठोकाठ भरून ठेवल्या. तहानलेली डुकरं तुटून पडली आणि जी तोवर बरी दिसत होती त्यांनाही झटके सुरू झाले. मेंदूत सोडियम साठलेलं असताना एकदम पोटभर पाणी दिलं की ते पाणी मेंदूत खेचलं जातं आणि मेंदूला सूज येते. अशा वेळी तासाला वजनाच्या अर्धा टक्काच पाणी द्यायचं असतं, ४० किलोच्या डुकराला २०० मिली. डुकरांची लाईन विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला हे माहीत नसावं? तुमच्या माहितीपुस्तकात यावर एक ओळ नाही, आणि वाढत्या डुकराला निपलमधून मिनिटाला साधारण लिटरभर पाणी यायला पाहिजे, बाटली धरून मोजत जा, हेही नाही.

मला लाईनचे पूर्ण पैसे परत आणि दगावलेल्या जनावरांची भरपाई पाहिजे, वजनानुसार हिशोब सोबत आहे. टाकीपाशी वेगळा फिल्टर नसेल तर गाळाच्या पाण्यावर ही लाईन बसवू नका, आणि ज्यांच्याकडे आधीच बसवली त्यांना या उन्हाळ्यातच फोन करून जाळ्या उघडून बघायला सांगा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवणार आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. मेकॅनिकने फेकलेल्या चोंदलेल्या जाळ्या मी उचलून जपून ठेवल्यात, बघायला कोणाला पाठवायचं असेल तर आधी फोन करा.

आपला ग्राहक
(बिल, लॅब रिपोर्ट, खाद्याचं लेबल आणि फोटो जोडले आहेत)