मुल्हेरच्या माचीवरचा राजवाडा: सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन

महोदय,
सप्रेम नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आमच्या नाशिक जिल्ह्यातला साल्हेर होता. बातमी ऐकली आणि डोळे भरून आले. १६७२ ची साल्हेरची लढाई मी वर्षानुवर्षे फळ्यावर नकाशा काढून शिकवली आहे. मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजर, तिथे धारातीर्थी पडलेले सूर्यराव काकडे ही नावे बागलाणातल्या पोरांना पाठ असतात. साल्हेरला मान मिळाला याचा आनंद मनात आहेच, पण हे पत्र त्याच्या शेजारच्या मुल्हेर किल्ल्यासाठी लिहितो आहे.

मुल्हेर म्हणजे बागुल राजांची राजधानी. जुने नाव मयूरगिरी. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी बागलाण घेतले, तोवर हे घराणे इथून राज्य करत होते. याच राजांच्या आश्रयाने १५९६ मध्ये त्यांच्या वंशावर एक संस्कृत महाकाव्य लिहिले गेले. म्हणजे या डोंगरावर शिबंदी होती, तशी कवी-पंडितांची ऊठबसही होती. पुढे मराठ्यांच्या इतिहासातही मुल्हेरचे नाव साल्हेरच्या जोडीनेच येते.

आजही माचीवर, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या सपाटीवर, गेले की ती राजधानी डोळ्यांपुढे उभी राहते. तळ्याकाठचे गणेश मंदिर, मोती तलाव, झाडीत शांत बसलेले सोमेश्वराचे देऊळ. वर बालेकिल्ल्यावर पाण्याची टाकी आणि भडंगनाथाचे देऊळ. एका बाजूला मोरा किल्ला, दुसऱ्या बाजूला हरगड. पुरा दिवस दिला तरी कमी पडतो.

मागच्या वर्षी काही माजी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. देवळे सापडली, कारण तिथे कुणीतरी दिवा लावते, पायवाट मळलेली असते. राजवाडा मात्र सापडेना. गवत छातीपर्यंत वाढलेले. दमून आम्ही एका दगडी ओट्यावर बसलो आणि शिदोरी सोडली. गुरे चारणारा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, तुम्ही वाड्यातच बसलाय." गवत बाजूला सारले तेव्हा घडीव दगडांची जोती दिसू लागली. मुले गप्प झाली. मलाही काही बोलवेना. ज्या राजधानीबद्दल वर्गात सांगत आलो, तिच्या राजवाड्यावर बसून मी तिलाच शोधत होतो.

महोदय, गवत हे तिथले मोठे दुखणे नाही. गवत कापता येते. सांध्यात मूळ धरलेला पिंपळ दरवर्षी दगड थोडा थोडा बाहेर ढकलतो, आणि एकदा निसटलेला दगड कुठला होता हे सांगणारा नकाशा हाताशी नसेल तर तो पुन्हा जागेवर बसत नाही. म्हणून माझी पहिली मागणी मोजणीची आहे. माचीवरचे प्रत्येक जोते, प्रत्येक टाके, प्रत्येक कोरीव दगड आधी जागच्या जागी मोजून कागदावर आणावा. त्यानंतर दुरुस्ती, आणि तीही चुन्यात. सिमेंट आणि पेव्हर ब्लॉक माचीवर चढूच नयेत, अशी हात जोडून विनंती आहे. आता सिंहस्थ आला आहे. नाशिक-त्र्यंबकला येणारी माणसे पुढे सप्तशृंगीला जातात, मांगी-तुंगीला जातात, आणि साल्हेरचे नाव जगभर झाल्यावर इकडेही वळणारच. या गर्दीच्या आधी घाईघाईत काँक्रीट ओतले गेले, तर ते पुन्हा उकरता येणार नाही.

आणि तो गुराखी मुलगा. त्याला वाडा माहीत होता, टाक्यांतले कुठले पाणी पिण्याचे हेही माहीत होते. अशा दहा-बारा तरुणांना इतिहासाचे नीट शिक्षण द्या, ओळखपत्र द्या, मानधन द्या. आठवड्यातून दोन दिवस जरी ते पायथ्याशी उभे राहिले तरी वाट चुकणारी माणसे वाचतील आणि दगडावर नावे कोरणारे हातही आवरतील. साल्हेर, सालोटा, मुल्हेर, मोरा, हरगड या किल्ल्यांचा एकच आराखडा करावा. त्यासाठी वन खाते, पुरातत्त्व खाते आणि ग्रामपंचायती यांना एका टेबलावर बसवणे आपल्यालाच शक्य आहे.

आपण कोजागरीला या. त्या रात्री मुल्हेर गावात संत उद्धव महाराजांच्या परंपरेतली रासक्रीडा रंगते, ती पाहण्यासारखी आहे. पण सकाळीच या, आधी माचीवर जाऊ. पाऊस नुकताच सरलेला असतो, गवत ऐन उंचीला असते. राजवाडा कुठे आहे हे मी आपल्याला आधी सांगणार नाही. आपण शोधून पाहावा.

आपला नम्र,
बागलाणचा एक निवृत्त इतिहास शिक्षक
नाशिक