देवगिरीहून निघालेला ताल

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, ज्या रचना शंभर-दोनशे वर्षांपूर्वी कागदावर एकदाच लिहून ठेवल्या आणि ज्यांतला एकही स्वर इकडचा तिकडे करायचा नाही, त्याच दरवर्षी वाजवून मी जिथे काम करते तो हा पाश्चात्त्य वाद्यवृंद ‘नवा हंगाम’ कसा जाहीर करतो आणि त्यात नवे ते काय असते. त्या वेळी मी काहीतरी थातुरमातुर बोलले, पण तो प्रश्न आठवडाभर मनातून गेला नाही. सप्टेंबरात सुरू होणाऱ्या हंगामाची पुस्तिका नुकतीच छापून आली आहे आणि त्यातल्या बहुतेक रचनांच्या स्वरलिपी माझ्या टेबलावर येऊन पडल्या आहेत, तेव्हा नीट बसून उत्तर लिहिते.

तुमच्या गवयाला मैफलीत बसल्यावर, समोरच्या श्रोत्यांकडे पाहून, पुढचा राग ठरवता येतो. इथे संचालक आणि कार्यक्रम ठरवणारी मंडळी ही गोष्ट दोन-दोन वर्षे आधी ठरवून मोकळी होतात. स्वर त्यांना बदलता येत नाहीत, हे तुमचे म्हणणे खरे आहे. पण कोणत्या रचनेच्या शेजारी कोणती रचना बसवायची हे सर्वस्वी त्यांच्या हातात असते, आणि शेजार बदलला की ओळखीची रचनासुद्धा वेगळी ऐकू येते. माझ्या दृष्टीने हंगामाची खरी कला या शेजारात आहे. पुढच्या हंगामाचे सूत्र त्यांनी ‘काळ’ असे ठरवले आहे. खरे सांगायचे तर पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी साशंक होते, कारण इतक्या ऐसपैस शब्दात काहीही कोंबता येते. यादी हातात आल्यावर मात्र माझे मत बदलले.

सर्वांत आधी ज्या कार्यक्रमाबद्दल तुम्हाला लिहायचे आहे तो फेब्रुवारीत आहे. ऑलिव्हिए मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराची एकच रचना त्या संध्याकाळी वाजेल आणि तिचे नाव आहे ‘तुरंगलीला सिम्फनी’. तुम्ही बरोबर वाचलेत, शब्द आपलाच आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने देवगिरीला ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्याच्या तालाध्यायात एकशेवीस देशी तालांची यादी आहे आणि तुरंगलीला हे त्यातल्याच एका तालाचे नाव. ही यादी फ्रान्समध्ये एका संगीत-विश्वकोशात छापली गेली होती. ती तरुण मेसियाँच्या हाती लागली आणि तिने त्याला आयुष्यभर सोडले नाही. तुरंग म्हणजे घोड्यासारखा धावणारा काळ आणि लीला म्हणजे खेळ, सृष्टीचा आणि प्रेमाचाही, असा अर्थ त्याने लावला आणि 1946 ते 1948 या काळात दहा भागांची, सुमारे सव्वा तासाची ही प्रचंड सिम्फनी लिहिली. 1949च्या डिसेंबरात बॉस्टनमध्ये लिओनार्ड बर्नस्टाइनच्या संचालनाखाली ती पहिल्यांदा वाजली.

आता तुम्ही लगेच विचाराल की, त्याला ताल कळला होता का? आपल्या अर्थाने नाही. त्याने आवर्तन घेतले नाही, सम घेतली नाही, ठेक्याचा तर प्रश्नच नव्हता. त्याच्या पुढ्यात होते ते फक्त लघु, गुरू, प्लुत या आखूड-लांब कालमापांचे छापील तक्ते, आणि त्या मात्रांच्या लांबी-आखूडपणात त्याला एक वेगळेच जग दिसले. पाश्चात्त्य संगीतात सगळे एकसारख्या ठोक्यांच्या चौकटीत बसवायची सवय होती, ती त्याने या तक्त्यांच्या आधाराने मोडली. काही लयबंध पुढून वाचले काय आणि मागून वाचले काय, सारखेच येतात, हे त्याला विशेष भावले. लहानपणी तुम्ही मला ‘रामाला भाला मारा’ उलटे वाचायला लावत होतात, अगदी तसेच. असा बंध ऐकताना काळ पुढे जातो आहे की मागे येतो आहे हे सांगता येत नाही, आणि काळाला असे जागच्या जागी उभे करणे हाच त्याचा ध्यास होता. तालाचा प्राण त्याने सोडला आणि सांगाडा उचलला, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही, पण त्या सांगाड्यात त्याने स्वतःचा प्राण ओतला हेही तितकेच खरे आहे. देवगिरीला लिहिलेली एक यादी सातशे वर्षांनी अटलांटिकच्या पलीकडे ऐंशी-शंभर वादकांच्या हातांत जाते, हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला.

या सिम्फनीत ओंद मार्तेनो नावाचे विजेवर चालणारे एक वाद्य आहे, तेही तुम्हाला आवडेल. मोरिस मार्तेनो याने ते 1928 साली लोकांपुढे आणले. दिसायला छोट्या पेटीसारखे, पट्ट्या असलेले. पण वादक उजव्या हाताच्या तर्जनीत एक धातूचे कडे घालतो, ते कडे एका ताणलेल्या दोरीला जोडलेले असते, आणि बोट जसे डावी-उजवीकडे सरकते तसा स्वर अखंड घसरत जातो. डाव्या हाताच्या एका बटणावर स्वराचा लहान-मोठेपणा ठरतो. थोडक्यात, पेटीला जी मींड कधीच जमली नाही ती याला जमते. हे वाद्य वाजवणारे जगात थोडेच आहेत, त्यामुळे वादकाची तारीख आधी घेतली आणि मग बाकीचा महिना तिच्याभोवती बसवला गेला.

सप्टेंबरातल्या पहिल्या कार्यक्रमात सूत्र वेगळ्या बाजूने येते. काळ इथे वाट पाहायला लावतो. शूबर्ट या ऑस्ट्रियन संगीतकाराने 1822 साली एका सिम्फनीचे दोन भाग पूर्ण केले, तिसऱ्याचा आराखडा करून सोडून दिला आणि ती वही एका मित्राच्या घरी पडून राहिली. शूबर्ट 1828 साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी वारला. सिम्फनी पहिल्यांदा वाजली ती 1865 साली, व्हिएन्नात. ही ‘अपूर्ण’ सिम्फनी इथे लहान मुलांनाही ठाऊक आहे आणि तिला एवढे ऐकले आहे की खरे म्हणजे आता कोणी ऐकत नाही. यंदा तिच्या शेजारी फ्लॉरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार स्त्रीची चौथी सिम्फनी ठेवली आहे. 1933 साली शिकागोच्या वाद्यवृंदाने तिची पहिली सिम्फनी वाजवली होती, तरीही पुढे मोठ्या वाद्यवृंदांची दारे तिला बंदच राहिली. 1943 साली तिने बॉस्टनच्या सर्ज कुसेवित्स्की या संचालकाला पत्र लिहून, आपण स्त्री आहोत आणि आपला वर्ण काळा आहे हे बाजूला ठेवून केवळ संगीत पाहावे, अशी विनंती केली. त्याने तिचे काही वाजवले नाही. (मेसियाँला ‘तुरंगलीला’ लिहायला सांगणारा हाच कुसेवित्स्की. एकाच माणसाच्या हातून किती उदारपणा आणि किती दुर्लक्ष घडू शकते!) चौथी सिम्फनी तिने 1945 साली लिहिली आणि 1953 साली ती गेली. 2009 साली इलिनॉयमधल्या तिच्या एका जुन्या, ओसाड पडलेल्या घराची दुरुस्ती करताना कागदांचे गठ्ठे सापडले, त्यात ही सिम्फनी होती. ती पहिल्यांदा वाजली 2018 साली. शूबर्टच्या वहीला त्रेचाळीस वर्षे थांबावे लागले आणि प्राइसच्या वहीला त्र्याहत्तर. या दोघी शेजारी बसल्यावर ‘अपूर्ण’ हा शब्दच मला वेगळा ऐकू येऊ लागला आहे, कारण शूबर्टचे अपूर्ण राहिले ते त्याच्या हातून, आणि प्राइसचे इतरांच्या.

नोव्हेंबरात शोस्ताकोविच या रशियन संगीतकाराची सातवी सिम्फनी आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्ये 9 ऑगस्ट 1942 रोजी उपासमारीने खंगलेल्या वादकांनी, सैन्यातून वादक मागवून घेऊन, ती वाजवली आणि ध्वनिक्षेपकांवरून ती शहरभर ऐकवली गेली. ही कथा तुम्हाला माहीत आहे, म्हणून लांबवत नाही. मार्चमध्ये सिबेलियस या फिनिश संगीतकाराची सातवी सिम्फनी आहे, 1924 सालची, वीस-बावीस मिनिटांची, सगळी एकाच भागात. तिच्यात लय कधी बदलली ते कळत नाही, पण बदललेली असते. विलंबितातून द्रुतात जाताना तुम्ही ज्या सांध्याला दाद देता तो सांधाच इथे नाहीसा केला आहे. तिच्या पाठोपाठ त्याचीच 1926 सालची ‘तापिओला’ ही रचना वाजेल. त्यानंतर तो माणूस तीस वर्षे जगला, पण त्या तोलामोलाचे काही त्याने बाहेर येऊ दिले नाही. आठवी सिम्फनी त्याने स्वतःच्या हाताने जाळली. मध्यंतरानंतर एका तरुण संगीतकाराची, या हंगामासाठीच सांगून लिहून घेतलेली रचना आहे. म्हणजे शब्दशः नवे काय, याचेही उत्तर यादीत आहे, फक्त तिची स्वरलिपी अजून माझ्या हाती यायची आहे आणि मी तिची वाट पाहते आहे.

जूनमधला शेवटचा कार्यक्रम मला सर्वांत जवळचा वाटतो. पूर्वार्धात हायडनची 1772 सालची ‘निरोपाची’ सिम्फनी आहे. हायडन ज्याच्या पदरी होता तो राजपुत्र एस्तरहाझी आपल्या ग्रामीण महालातून हलायला तयार नव्हता, वादकांची बायकामुले दूर आयझेनश्टाटला होती, आणि उघडपणे रजा मागणे शक्य नव्हते. हायडनने शेवटच्या भागात अशी योजना केली की, आपला अंश संपला की वादकाने मेणबत्ती विझवून उठून जायचे. शेवटी फक्त दोन व्हायोलिने उरतात. दुसऱ्या दिवशी दरबार निघाला, असे सांगतात.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण ती डोळ्यांनी पाहिली ती परवा. प्रत्येक वाद्याच्या स्वरलिपीची वेगळी प्रत असते आणि पहिल्या व्हायोलिनच्या प्रमुखाने गज वर न्यायचा की खाली ओढायचा हे एकदा ठरवले की त्या खुणा सगळ्या प्रतींत मऊ पेन्सिलने उतरवणे हे माझे काम. मऊ पेन्सिल अशासाठी की, पुढचा संचालक आला की खोडता आले पाहिजे. एरवी कोणतीही रचना घ्या, सगळ्या प्रती एकाच ठिकाणी संपतात. या सिम्फनीच्या प्रती टेबलावर ओळीने मांडल्या तर पहिल्या ओबोचे आणि दुसऱ्या हॉर्नचे पान सर्वांत आधी कोरे पडते, मग ‘बसून’ या फुंकवाद्याचे, आणि असे कोरे कागद वाढत वाढत जाऊन शेवटी दोनच पानांवर शाई उरते. मी त्या रिकाम्या जागांकडे बराच वेळ पाहत राहिले.

उत्तरार्धात मालर या संगीतकाराची नववी सिम्फनी आहे. 1907 साली त्याची थोरली मुलगी गेली, त्याच वर्षी स्वतःच्या हृदयाचा दोष कळला. 1909 साली त्याने ही सिम्फनी लिहिली आणि ती ऐकण्याआधीच, 1911च्या मे महिन्यात तो गेला. 1912 साली ब्रूनो वॉल्टरने ती पहिल्यांदा वाजवली. तिच्या शेवटच्या पानावर एकही फुंकवाद्य नाही. तारवाद्ये म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारा चिमटा, चढवून वाजतात, स्वरांपेक्षा विराम जास्त, आणि त्या एका पानाला पाच-सहा मिनिटे लागू शकतात. पहिल्या व्हायोलिनांच्या ओळीत त्याने आपल्याच, मृत बालकांवरच्या गीतांमधल्या एका ओळीची आठवण ठेवली आहे. शेवटच्या स्वरावर ‘मरत जाणारा’ अशा अर्थाचा एकच शब्द लिहिलेला आहे. हायडनची ती दोन व्हायोलिनेही म्यूट लावूनच वाजतात. म्हणजे एकशे सदतीस वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी निरोपासाठी तोच दबका आवाज निवडला, एकाने घरी जाण्यासाठी आणि दुसऱ्याने घर सोडण्यासाठी. या दोन रचना मी आधीही ऐकल्या होत्या, पण वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या संध्याकाळी, आणि त्यामुळे हे नाते मला कधीच ऐकू आले नव्हते. तुमच्या प्रश्नाचे माझ्यापाशी असलेले उत्तर हेच आहे.

आमच्याकडच्या नववीच्या प्रतींवर आधीच्या वादकांच्या खुणा आहेत. व्हिओलाच्या एका प्रतीत शेवटच्या स्वरानंतर कोणीतरी फिकट पेन्सिलीने लिहिले आहे, ‘हलू नका’. बाकीचे सगळे खोडून नवे लिहायला मला सांगितले आहे, पण ते दोन शब्द मी तसेच ठेवले आहेत.

आता एक विनंती. ‘तुरंगलीला’च्या तयारीला लागलेल्या आमच्या तालवाद्य-वादकांपैकी एकाने मला विचारले की, मूळ तालाचे लक्षण संस्कृतात नेमके काय दिले आहे आणि तो हातावर मोजायचा झाला तर कसा मोजतील. मला काही सांगता आले नाही आणि त्याची फार रुखरुख लागली. तुमच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, ‘संगीतरत्नाकर’ आहे. तालाध्यायातले ते पान आईला सांगून मोबाइलवर टिपून पाठवा, आणि त्याखाली लघु-गुरूंचा हिशोब तुमच्या अक्षरात लिहा. जमल्यास हाताने टाळी देत दोन वेळा म्हणूनही पाठवा, म्हणजे तालमीआधी मी त्यांना ऐकवीन.

आईला नमस्कार सांगा.

तुमची लेक