बाबांचा ट्रक पुन्हा रस्त्याला लावणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

काल रात्री बाबांनी प्रागहून माल उचलला आणि मिलानला नेऊन पोचवला. मध्ये एकदाही चष्मा काढून डोळे चोळले नाहीत. गाडी उभी करून, हँडब्रेक ओढून म्हणाले, "सांगलीच्या त्या पोराला कळव." म्हणून हे पत्र. नाव आणि तुमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता कुठे लिहायचा नाही असं तुम्ही बजावलंय, तेव्हा नुसतं दादाच म्हणते. पण झालं काय आणि तुम्ही केलं काय, ते सगळं चारचौघांत सांगायचंय.

बाबांनी 31 वर्षं ट्रक चालवला. तासगावचा बेदाणा घेऊन इंदूर, नागपूर, दिल्ली. कंबरेचं ऑपरेशन झालं आणि स्टेअरिंग सुटलं. दोन वर्षं माणूस ओसरीवर बसून रस्त्याकडे बघायचा. भावाने जुनं गेमिंग व्हील आणून टेबलाला आवळलं आणि कॉम्प्युटरवर युरो ट्रक सिम्युलेटर 2 लावून दिला, तेव्हापासून घरात परत गिअरची भाषा सुरू झाली. त्यामुळे हा गेम आमच्याकडे टाइमपास नाही.

2023च्या दिवाळीत मी माझ्या पगारातून मिरजेच्या एका मुलाकडून सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घेतलं, आरटीएक्स 3060, 12 जीबीचं. आरसे स्वच्छ दिसावेत, पाऊस खरा वाटावा एवढीच इच्छा. कार्ड बसलं आणि त्याच आठवड्यापासून मशीन बिघडलं. बाबा अर्ध्या तासात उठायला लागले, डोकं गरगरतंय म्हणायचे. भावाच्या मोठ्या गेममध्ये तर स्क्रीन एकदम काळी आणि पंखे विमानासारखे. दोन ठिकाणी दाखवलं. दोन्हीकडे एकच निदान: मायनिंगचं, म्हणजे क्रिप्टो नाणी काढायला राबवलेलं, कार्ड गळ्यात मारलंय, नवीन घ्या. दोनदा फॉरमॅट झालं, कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, मी स्वतः चार वेळा काढून घातला. नवीन कार्ड म्हणजे माझा तीन महिन्यांचा पगार.

तुमचा नंबर मैत्रिणीने दिला. फोनवर तुम्ही पहिली गोष्ट सांगितली ती निदानाची नव्हतीच. "ताई, एसटीने येणार असाल तर कार्ड काढून वेगळं आणा. जड असतं, धक्क्याने स्लॉट तुटतो." आधीच्या दोन्ही फेऱ्यांत मी कॅबिनेट तसंच नेलं होतं, कुणी बोललं नव्हतं. यावेळी कार्ड टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर आणि कॅबिनेट गोधडीत.

तुमच्या दुकानात खालचे दोन कप्पे रिकामे आणि सगळी मशीनं छातीएवढ्या उंचीवर. 2019च्या पुरानंतर असंच ठेवतो, म्हणालात. मी कॅबिनेट टेबलावर ठेवलं आणि घोकून आणलेलं वाक्य बोलले, "कार्ड खराब आहे." तुम्ही स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. वही उघडली आणि विचारलं, "अडखळतं म्हणजे नेमकं कसं?"

मला सांगता येईना. मग बाबा काय म्हणतात ते सांगितलं: डिझेल लाइनीत हवा शिरल्यावर इंजिन जसं झटके मारतं तसं. आणि दिवसातून चार-पाच वेळा गाडीच बंद पडल्यासारखी. तुम्ही ताठ बसलात. "हे दोन वेगळे आजार आहेत. काळी स्क्रीन धरून तीन. बंद पडतं तेव्हा आवाज पण अडकतो का? गेम चालू नसताना होतं का?" होत होतं. व्हिडिओ बघताना माऊस जागीच थिजायचा आणि आवाज सेकंदभर घर्रर्र करत राहायचा. तुम्ही लिहिलं, 'गेम बंद असतानाही.' त्या खाली दोन रेघा मारल्या.

पुढचा प्रश्न मला जन्मभर लक्षात राहील. "कार्ड बसवलं त्या दिवशी अजून काय काय बदललं?"

तेव्हा एकेक निघायला लागलं. कार्ड बसवून देणाऱ्याने रॅम काढून खोडरबरने घासली होती. बायोसचा, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज जपणारा, सेल काढून परत घातला होता. जुनं विंडोज काढून विंडोज 11 टाकून दिलं होतं. आणि कार्डाला लावायची वायर एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, नव्हती म्हणून कन्व्हर्टर जोडला होता. एका दुपारी पाच गोष्टी बदलल्या होत्या आणि सगळ्यांनी बोट दाखवलं होतं ते एकट्या कार्डाकडे. त्याचं कारण एवढंच की ते सेकंडहँड होतं.

मग तुम्ही गेम लावला आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात आफ्टरबर्नर नावाच्या प्रोग्रॅमचे आकडे आणले. एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, 85. मी म्हटलं, हा तर चांगला आहे. तुम्ही खालची रेघ दाखवलीत, फ्रेमटाइमची. 85 फ्रेम म्हणजे प्रत्येक चित्राला साधारण 12 मिलिसेकंद मिळायला हवेत. रेघ 12 वर सरळ जात होती आणि मध्येच सुईसारखी उभी व्हायची, 70, 90. "बाबांना विचारा," तुम्ही म्हणालात, "ताशी 50ची सरासरी पडली म्हणून रस्त्याला खड्डे नव्हते असं असतं का?" घरी येऊन बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. डोकं का गरगरतं ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं. स्टेअरिंग हाताला एक सांगतंय आणि रस्ता डोळ्यांना उशिरा दिसतोय.

त्याच कोपऱ्यात दुसरा आकडा होता, कार्डाचा वापर 40 टक्के. प्रोसेसरचा एक कोअर मात्र पूर्ण भरलेला. "कार्ड रिकामं बसलंय ताई, काम मागतंय. त्याच्यापर्यंत कामच वेळेवर पोचत नाही." त्या क्षणी माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं.

रॅमच्या पट्ट्या 3200 वेगाच्या होत्या, सीपीयू-झेड या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये दिसत होतं 1200, म्हणजे दुपटीने 2400. वर चॅनल सिंगल, म्हणजे रॅमच्या दोन वाटांपैकी एकच चालू. झाकण उघडून तुम्ही टॉर्च धरलीत. दोन्ही पट्ट्या प्रोसेसरजवळच्या पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत शेजारी-शेजारी. घासून परत घालताना चुकल्या होत्या. प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवल्या की दोन्ही चॅनल चालू होतात. सेल काढल्यामुळे एक्सएमपीची, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवायची, सेटिंगही उडाली होती, ती परत चालू केलीत. आमचा प्रोसेसर रायझन 5 3600 आहे. त्या पिढीच्या रायझनमध्ये आतल्या भागांना जोडणारा रस्ताही रॅमच्या वेगाशी बांधलेला असतो, त्यामुळे रॅम मंद म्हणजे सगळंच मंद, हे तुम्ही कागदावर चित्र काढून समजावलंत. परत गेम लावला. सुया 20च्या आत आल्या. रुपयाचा खर्च नाही.

त्या दिवशी तुम्ही तिथेच थांबलात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं तेच कळत नाही. मला घाई होती, शेवटची एसटी होती. तरी तुम्ही मशीन ठेवून घेतलंत, आणि बरं केलंत.

थिजण्याचं कारण दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. विंडोज 11 ला टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते, म्हणून त्या माणसाने बायोसमध्ये तिचा प्रोसेसरमधला प्रकार, एफटीपीएम, चालू केलं होतं. आमचा बायोस 2021चा. काही रायझन मशीनवर हे एफटीपीएम मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपशी अधूनमधून लांबलचक देवाणघेवाण करत बसतं आणि तेवढा वेळ सगळं मशीन थबकतं. रायझन बनवणाऱ्या एएमडीने हे मार्च 2022 मध्ये स्वतः मान्य केलं, आणि त्यावरचा इलाज त्या वर्षीच्या मेपासूनच्या नव्या बायोसमध्ये दिला. म्हणजे औषध कधीचं तयार होतं. कुणी बायोसची तारीखच बघितली नव्हती.

तुम्ही थेट बायोस अपडेट केला नाहीत. आधी मला बिटलॉकरची रिकव्हरी की शोधायला लावलीत, नाहीतर डिस्कला कुलूप लागेल आणि बाबांचे सेव्ह केलेले सगळे प्रवास आत अडकतील म्हणून. मग एफटीपीएम बंद करून दिवसभर मशीन चालवलंत. एकदाही थिजलं नाही, तेव्हा संशय पक्का झाला. संध्याकाळी लाइट जाण्याची वेळ म्हणून थांबलात, सकाळी यूपीएसवर लावून बायोस टाकलात आणि एफटीपीएम परत चालू करून आणखी एक दिवस बघितलंत. कुणाच्या तरी घरच्या मशीनसाठी एवढा धीर धरणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

काळ्या स्क्रीनचं मूळ मात्र तुम्ही मला डोळ्यांनी दाखवलंत. मी मशीन न्यायला आले तेव्हा तो कन्व्हर्टर टेबलावर काढून ठेवला होता. मोलेक्स नावाच्या जुन्या चार पिनांच्या दोन वायरी एकत्र करून आठ पिनांचं टोक केलेला. पांढऱ्या प्लास्टिकच्या एका भोकाची कड तपकिरी झाली होती, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी, आणि आतली पिन सैल हलत होती. नाकाजवळ धरला तर जळका वास. आमचं कार्ड 170 वॅटचं. त्यातले जास्तीत जास्त 75 वॅट मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळतात, बाकीचे या वायरीतून. बाबांच्या गेममध्ये कार्ड निवांत असायचं म्हणून भागत होतं. भावाचा गेम सगळी ताकद मागायचा आणि तिथे दम तुटायचा. "स्क्रीन काळी झाली ते नशीब," तुम्ही म्हणालात, आणि पुढचं वाक्य पूर्ण केलं नाहीत. आमचं मशीन लाकडी कपाटाच्या कोनाड्यात असतं, बाबा त्याच्या शेजारी बसतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

नवीन 550 वॅटचा एसएमपीएस घातलात, त्याची स्वतःची आठ पिनांची वायर थेट कार्डाला. बिल दाखवून तेवढेच पैसे घेतलेत आणि वर मजुरी, जी मला आजही कमी वाटते. मग कार्डावर तासभर लोड टाकून बसलात. तापमान 68, हॉटस्पॉट, म्हणजे चिपवरची सगळ्यात तापलेली जागा, त्याच्यावर 12 अंश. एवढा फरक म्हणजे उष्णता वाहून नेणारी आतली पेस्ट ठीक, कार्ड ठणठणीत. वहीत तुम्ही लिहिलंत, 'कार्ड निर्दोष.'

एक गोष्ट तुम्ही लपवली नाहीत, तीही सांगते. भावाचा एखादा नवीन गेम पहिल्यांदा लावला की पहिला तासभर थोडा अडखळेल, कारण शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, तेव्हाच तयार होत असतात. ड्रायव्हर नवीन टाकला की परत तसंच होईल. "त्यासाठी माझ्याकडे येऊ नका, पैसे वाया जातील." तसंच झालं, आणि आम्ही घाबरलो नाही.

त्या 'निर्दोष'वरून एक काम राहिलं होतं. मिरजेच्या ज्या मुलाने मला कार्ड विकलं, त्याला मी डिसेंबरमध्ये फोन करून फसवणूक केलीस म्हणून वाट्टेल ते बोलले होते. तो शांतपणे म्हणाला होता, ताई, चालू दाखवून दिलंय. कॉलेजची फी भरायला विकलं होतं त्याने. तुमच्याकडून निघाले आणि सांगली स्टँडवर उभी राहून त्याला फोन लावला. माफी मागितली. तो आधी गप्प राहिला, मग विचारलं, "हॉटस्पॉट किती येतो?" मी सांगितलं. "माझ्याकडे पण तेवढाच यायचा," म्हणाला, आणि आवाज जरा मोकळा झाला. तुम्ही नवीन कार्ड विकून मोकळे झाला असता तर मी त्या मुलाला कायम लबाड समजत राहिले असते. दादा, पैसे वाचले त्याचा आनंद आहेच, पण याचे आभार मला जास्त मानायचे आहेत.

चार महिने झाले. थिजणं नाही, काळी स्क्रीन नाही. बाबा रोज रात्री जेवण झालं की दोन तास गाडीवर असतात. कोपऱ्यातली ती रेघ आता त्यांनाही वाचता येते. ती सरळ दिसली की म्हणतात, "डांबरी आहे."

तुमच्या वहीतलं आमचं पान मिळालं तर हवंय, बाबांना ते त्यांच्या जुन्या लॉगबुकात ठेवायचंय. येत्या रविवारी येतेय. आईने भडंग करून ठेवलाय, आणि बाबाही यायचं म्हणतायत. एसटीच्या पायऱ्या त्यांना जमतात आता.

तुमची,
तासगावची ताई