फुलांच्या सरबताच्या कृतीत फुलाचे शास्त्रीय नावही छापावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा सुरू झाला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत रानातल्या आणि परसातल्या फुलांच्या सरबतांच्या कृती येऊ लागतात. मी गेली काही वर्षे अशी सरबते घरी करते आहे आणि या छंदाकडे लोक वळत आहेत याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र बहुतेक कृतींत फुलाचे केवळ बोलीतले नाव असते, आणि माझी काळजी नेमकी तिथे आहे.

बोलीतले नाव फसवे असते. ‘जास्मिन’ हे नाव मोगऱ्याच्या कुळातील सुवासिक फुलांना आहे, तसेच ते ‘कॅरोलिना जास्मिन’ या पिवळ्या फुलांच्या वेलीलाही आहे. ही वेल जेल्सेमियम या वेगळ्याच प्रजातीची असून तिचे सगळे भाग विषारी आहेत. म्हणून कृतीच्या सुरुवातीलाच फुलाचे शास्त्रीय नाव, त्याचा कोणता भाग घ्यायचा आणि कोणता काढून टाकायचा, हे छापले जावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एल्डरफ्लॉवरचे, म्हणजे युरोपातील एल्डर या झाडाच्या फुलांचे, उदाहरण घ्या. या फुलांचे सरबत प्रसिद्ध आहे, पण त्याच झाडाच्या पानांत आणि देठांत सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे फुले जाड देठांपासून सोडवूनच घ्यावी लागतात. गुलाबाच्या पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडवट लागतो, एवढ्यासाठी तो कातरायचा. जास्वंदीचा हिरवा पेला आणि मधला केसरदांडा मी काढून टाकते.

कृतीतला आनंद खरा आहे, हेही नोंदवले पाहिजे. गोकर्णाची सात-आठ निळी फुले कोमट पाण्यात टाकली की पाकळ्यांच्या कडेने निळे धागे सुटू लागतात, पाहता पाहता पाकळ्या फिकट पडतात आणि पाणी गडद निळे होते. त्यात लिंबाचे चार थेंब पडताच ते जांभळे होते, कारण त्यातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लतेनुसार रंग बदलते. चव मात्र जवळजवळ नसतेच, ती लिंबू आणि साखरेनेच आणावी लागते. सुवासिक फुलांचे उलट असते. त्यांचा वास उडून जाणारा असल्याने ती उकळू नयेत. साखरेचा पाक आधी करून, तो निवल्यावर त्यात पाकळ्या रात्रभर झाकून ठेवाव्यात. साखर कमी केली तर पाक आंबतो. एकदा मी असा पाक घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून फ्रीजबाहेर ठेवला होता आणि चौथ्या दिवशी झाकण उडाले, तेव्हापासून मी थोडाच पाक करते, तो फ्रीजमध्ये ठेवते आणि लवकर संपवते.

फुले खुडताना जागाही पाहावी लागते. रस्त्याकडेची, फवारणी झालेल्या बागेतली किंवा हारवाल्याकडची फुले पोटात घेण्यासाठी नाहीत. एका झाडावरून थोडीच घ्यावीत, कारण मधमाश्यांचे पोट त्यांच्यावरच आहे.

आणखी एका समजाबद्दल लिहिणे मला भाग आहे. फूल उकळले की त्यातले विष जाते, किंवा जनावर खाते ते माणसालाही चालते, असे अनेकांना वाटते. कण्हेर आणि पिवळी कण्हेर यांतील हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये उकळूनही नाहीशी होत नाहीत, आणि पक्षी किंवा कीटक जे पचवतात ते आपल्याला बाधू शकते. मोबाईलने काढलेल्या एका छायाचित्रावरून झालेली ओळखही पुरेशी नाही. पान, देठ, कळी आणि फळ पाहून, जाणकाराला दाखवूनच फूल घ्यावे. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही सरबते घेऊ नयेत. यंदाच्या कृतींसोबत ही सूचना ठळक अक्षरांत छापावी, ही विनंती.

आपली नम्र,
एक नियमित वाचक