बाबांची गाडी देताना

पुणे,
२२ सप्टेंबर २०२४

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोन केला की बाबांचा पहिला प्रश्न असतो, "गाडीचं काय केलंस?" आणि मी दर वेळी "बघतेय" म्हणून विषय बदलते. आज लिहायलाच बसले. सोबत दोन कागद पाठवते आहे. बाबा, त्यांवर तुमची सही हवी आहे, कारण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, अजून तुमचंच नाव आहे. पण आधी पत्र पूर्ण वाचा, मग सही करा.

२५ जुलैला गाडी बुडाली एवढंच तुम्हाला सांगितलं होतं. आई घाबरेल म्हणून बाकीचं बोलले नाही. रात्रभर पाऊस कोसळत होता, खडकवासल्यातून विसर्ग वाढवत वाढवत ३५,००० क्युसेकच्या वर नेला होता. पहाटे वॉचमनकाकांनी दारं वाजवायला सुरुवात केली तोवर मुठेचं पाणी नदीकाठच्या एकतानगरीकडून आमच्या पार्किंगमध्ये शिरलं होतं. जिन्यात उभं राहून खाली टॉर्च मारला तर आपल्या वॅगनआरचा फक्त टप दिसला. तळमजल्यावरच्या आजींना दोघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. त्या वेळी गाडीचा विचारही आला नाही.

पाणी उतरल्यावर बघितलं तर सीटवर बोटभर गाळ होता. दुसऱ्या दिवशी सुधीरने किल्ली फिरवली आणि तिथेच घात झाला. पाण्यातून निघालेली गाडी चालू करायची नसते, हे तुम्ही मला कितीदा सांगितलंय. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉडच वाकला. मेकॅनिकने डिपस्टिक काढून दाखवली, ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं. इंजिन, सगळं वायरिंग, सीट मिळून त्याने १ लाख १० हजारांचा अंदाज दिला. चालू स्थितीतसुद्धा गाडीचे साठ-सत्तर हजारच आले असते.

विम्याचंही सांगून टाकते. तुम्ही फुल इन्शुरन्स घ्यायला सांगत होतात. मी दोन वर्षांपूर्वी जुनी गाडी म्हणून नुसता थर्ड पार्टी घेतला. त्यात आपल्या गाडीचं नुकसान धरतच नाहीत. इतक्या जुन्या गाडीचे पैसे थोडेच आले असते, पण जे आले असते ते माझ्यामुळे गेले. बाबा, मला त्याचं वाईट वाटतं.

त्यातच ऑगस्टमध्ये १५ वर्षं भरली. पुन्हा नोंदणी करायची तर ५,००० रुपये फी, वर पर्यावरण कर, आणि गाडी तपासणीत पास व्हायला हवी. ती जागची हलत नाही तर पास कुठून होणार?

भंगारवाला २० हजार द्यायला तयार होता. म्हणाला, कागद राहू द्या तुमच्याकडेच. तिथेच मला भीती वाटली. आरसी रद्द न करता गाडी गेली की नोंदीत मालक तुम्हीच राहता. तिच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर उद्या चोरीच्या गाडीवर बसला तर पोलीस वाईला तुमच्या दारात येतील. त्याला नको म्हटलं.

मग मनात आलं, कुणाला तरी दान देऊ. आधी एका वृद्धाश्रमात विचारलं. त्यांच्या व्यवस्थापक बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, चालणारी गाडी असेल तर जरूर द्या. ही दुरुस्त करायला पैसे आम्ही कुठून आणू?" परतीच्या वाटेवर मला तुमची पानशेतच्या पुराची गोष्ट आठवली. १२ जुलै १९६१. तुम्ही दहा वर्षांचे, नारायण पेठेतल्या घरात पाणी शिरलेलं. नंतर शाळेत मदतीची गाठोडी आली आणि तुमच्या वाट्याला बूट आले, दोन्ही डाव्या पायाचे. आजी ते कोनाड्यात ठेवून म्हणाली होती, देणाऱ्याने आधी घेणाऱ्याचे पाय बघावेत. आपल्या पार्किंगमधली अडचण उचलून मी त्या आश्रमाच्या अंगणात टाकायला निघाले होते आणि वर त्याला दान म्हणत होते.

म्हणून प्रश्न उलटा करून बघितला: बिघडलेली गाडी, बिघडलेली आहे तशीच, कुणाला हवी असेल?

कात्रजच्या पुढे एका संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे. दहावीनंतर शिक्षण सुटलेली मुलं-मुली तिथे मोटर मेकॅनिकचं काम शिकतात. चोवीस जणांत एकच इंजिन, तेही कापून लाल-निळा रंग दिलेलं. बघायला छान, पण त्यात खोलायचं काहीच उरलेलं नाही. तिथल्या सरांना मी चाचरतच सगळं सांगितलं: गाळ, वाकलेला रॉड, गंजलेले कनेक्टर. ते म्हणाले, "अहो, चांगल्या गाडीत मुलं शोधणार काय? आम्हाला बिघाडच हवेत." बाबा, मला लगेच तुमच्या आयटीआयमधलं ते मिलिटरीचं जीप इंजिन आठवलं. तुम्ही पोरांनी ते इतक्या वेळा खोललं आणि जोडलं की शेवटी डोळे मिटून बोल्टचा नंबर सांगायचात. आकुर्डीच्या कंपनीत पस्तीस वर्षं तुमचे हात ज्या जोरावर चालले, ते त्या मोडक्या इंजिनावर शिकलेलं होतं.

सुधीरने विचारलं, टॅक्समध्ये काही सवलत मिळेल का. नाही मिळणार. ८०जी या देणगीच्या करसवलतीच्या कलमात वस्तूचं दान धरत नाहीत, पैसेच द्यावे लागतात, आणि नव्या करपद्धतीत तर ती वजावटही नाही. गाडी विकून चेक द्यावा असाही विचार केला होता. पण २० हजारांत त्यांना खोलायला अख्खी गाडी मिळाली नसती.

आता कागदांचं. एक आहे नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आणि दुसरं माझ्या नावाने अधिकारपत्र, म्हणजे तुम्हाला संगम पुलाजवळच्या आरटीओत यावं लागणार नाही. गाडी कायमची निकामी झाली की खरं तर १४ दिवसांत कळवायचं असतं. माझ्याकडून उशीर झाला आहे, तो मी निस्तरते. एक्स्प्रेसवेचं एक ई-चलन बाकी होतं, ते भरलं. चासी नंबरचा तुकडा कापून जमा करावा लागेल. तेव्हा मी तिथे उभी राहीन. तुम्ही नाही आलात तरी चालेल. सही मात्र जुनीच करा, आरसीच्या वेळी केली होती तशी. हात थरथरला तर थांबा, सकाळी चहानंतर करा. केंद्राकडून दानाची पावती तुमच्या नावाने घेणार आहे. मुलांचं शिकून झालं की उरलेला सांगाडा ते नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच देणार आहेत, तसं लेखी मागितलं आहे.

आई, तू म्हणशील की दसरा तोंडावर आहे, दर वर्षी झेंडूचा हार घालतो ती गाडी अशी कशी द्यायची. हे मी सरांना बोलले. खंडेनवमीला त्यांच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा असते. त्याआधी गाडी पोचली तर तीही पूजेत असेल. हार तू करून दे. डॅशबोर्डवरचा गणपती मी स्वच्छ धुऊन देवघरात ठेवला आहे.

आणि बाबा, एक विनंती आहे. त्या दिवशी याल का? सुधीर आदल्या दिवशी वाईला येईल, तुम्हा दोघांना घेऊन येईल. सरांनी सांगितलंय, काकांनी पहिला बोल्ट मुलांसमोर खोलावा. गुडघे दुखत असतील तर खुर्ची टाकू, तुम्ही बसून सांगा, मुलं खोलतील.

ग्लोव्ह बॉक्समधली तुमची पेट्रोलची वही सापडली. पानापानात वर्तमानपत्र घालून पंख्याखाली आठ दिवस वाळवली. मधली बरीच पानं चिकटून गेली, पण पहिलं शाबूत आहे. ऑगस्ट २००९. स्वाइन फ्लूमुळे शाळा बंद होत्या, आपण चौघं तोंडाला रुमाल बांधून गाडी आणायला गेलो होतो. तुमच्या अक्षरात लिहिलंय: "२० लिटर. कि. मी. १२. मनू पुढे बसली."

तुमची,
मनू